तेजपाल राणावत, मौजे मढ

५ जानेवारी

अक्षदा मॅडमनी ही वही दिली. म्हणाल्या, "काका, प्रत्येक मॅचनंतर काय काय चुकलं ते ह्यात लिहीत जा." पोरगी हुशार आहे, मोबाइलवर मॅच दाखवणाऱ्या पुण्याच्या कंपनीत आहे, पण तिला घाट, म्हणजे बैलगाडे पळवायची जागा, माहीत नाही. चोवीस वर्षं मी बैलगाडा शर्यतीत माइक धरतोय. चुकणाऱ्याला घाटात लोक चोवीस मिनिटं ठेवत नाहीत. चुकाच नाहीत तर लिहू काय? बाकीचं लिहीन. कागद चांगला आहे, वाया जायला नको.

काम असं आहे. परदेशातली टीम आलीय, तीन वनडे आहेत. मोबाइलवर मॅच बघताना ज्याला गावरान समालोचन पाहिजे त्यानं बटण दाबायचं, की माझा आवाज. कुठल्यातरी यात्रेतला माझा व्हिडिओ बघून मॅडम मला शोधत आमच्या गावाला, निरगुडसरला आल्या. मॅच तिकडं लांब, आणि मी इकडं कांद्याच्या खोलीत, लॅपटॉपसमोर. सगळी जोडणी आमच्या रविंद्रनं केली. मंडप आणि साउंड त्याचंच असतं, घाटात माझा माइकही तोच लावतो.

खोलीत आवाज घुमत होता. रविंद्रनं ट्रंकेतल्या गोधड्या काढून चारी भिंतींना टांगल्या. सगळ्या आमच्या मंडळींनी शिवलेल्या. मंडळी सध्या माहेरी आहेत, मढला. हवापालटासाठी. पाच आठवडे झाले. मढची हवा चांगली असते.

खोलीत बसलं की जिकडं तिकडं तिची जुनी लुगडी दिसतात. समालोचनाला त्याची काही अडचण नाही.

७ जानेवारी

पहिली मॅच. फक्कड झाली.

घाटात गाडा सोडायच्या आधी पुकारायची रीत ठरलेली आहे. आधी देवाचं नाव, मग गाडामालकाचं, मग गाव. गाव सांगितलं नाही तर लोक विचारतात, गाडा बेवारशी आहे का? तर आज आपले ओपनर मैदानात उतरले आणि मी मॅडमनी दिलेला कागद बघितला. नाव होतं, वय होतं, स्ट्राइक रेट का काय तोही होता. गावच नव्हतं! एवढ्या शिकलेल्या पोरीनं गाव लिहिलं नव्हतं.

"आई मुक्ताई प्रसन्न, तेजपाल राणावत, मौजे..." इथपर्यंत बोलून बसलो होतो. जीभ अडली. चोवीस वर्षांत दुसऱ्यांदाच असं झालं. मग जे तोंडात आलं ते बोललो: "मौजे मढ, तालुका जुन्नर!"

आता एकाला गाव दिलं म्हटल्यावर बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? अकराच्या अकरा जणांना दिलं. कीपर ओतूरचा, फिरकीवाला बेल्ह्याचा, दुसरा ओपनर घोडेगावचा. अगदी शेवटच्या नंबरच्या बोलरला आमचं निरगुडसर दिलं, कारण पंगतीत घरची माणसं शेवटी बसतात.

राणावत गडी लई तापट. पहिल्याच चेंडूला चार पावलं पुढं धावत गेला आणि बोलरच्या डोक्यावरून भिरकावला. दम म्हणून नाही. फिल्डर सीमारेषेवर उभे होते, त्यांना मी दर वेळी सांगत होतो, "पावणं, बाजूला व्हा, गाडा येतोय, लागलं तर यात्रा कमिटी जबाबदार नाही!" पण परदेशी माणसं, ऐकत नाहीत. पोरानं शंभर केले तेव्हा मी उभा राहिलो. "एकसष्टाव्या सेकंदाला शंभर! झाली, झाली, झाली... भिर्रर्रर्र!" मॅडम हेडफोनमधून कानात म्हणाल्या, "चेंडू, काका, चेंडू." घाटात चेंडू नसतो, गाड्याची बारी सेकंदांत मोजतात. असो.

निरगुडसरचा बोलर शेवटी बॅटिंगला आला आणि पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडाला. चालायचंच.

८ जानेवारी

सकाळी मॅडमचा फोन. "काका, राणावत मढचा नाहीये. तो राजस्थानचा आहे. हे खोटं झालं ना! दुरुस्ती करा."

मी म्हटलं, "मॅडम, दुरुस्तीचा नियम मला शिकवू नका." घाटात चुकीचा सेकंद पुकारला गेला तर त्याच माइकवरून, त्याच आवाजात, सगळ्यांसमोर दुरुस्ती करायची असते. गाडामालकाच्या कानात जाऊन सॉरी म्हटलेलं चालत नाही. चोवीस वर्षांत मी दोनदा केलीय. पण दुरुस्ती चूक झाली असेल तरच करायची. आणि राजस्थान हे काही गाव नाही. तिकडचं गाव माहीत आहे का? तर म्हणे बघून सांगते. मग झालं की.

तासाभरात मॅडमचा परत फोन. आवाज एकदम गोड. म्हणाल्या, "राहू द्या काका, गावं राहू द्या. ऐकणारे एका दिवसात सहापट झालेत."

दुपारी माझा मेहुणा गेणभाऊ, त्याचा मढवरून फोन.

"दाजी! काय केलंत वो हे! गावात फटाकं वाजलं! पेढं वाटलं! ष्टॅन्डवर फ्लेक्स लागतोय, ‘मढचा वाघ’. फोटो तेवढा चुकून दुसऱ्याच खेळाडूचा आलाय, पण बदलून घेऊ."

मी सहज विचारलं, घरी सगळी बरी आहेत ना.

"ताई व्हय? ती आतमधी हाय. तिनं न्हाई ऐकलं काय. ती म्हणली, मला काय करायचंय." मग जरा थांबून म्हणाला, "पण एकसष्टाव्याला तुमचा आवाज फाटत व्हता म्हणं. ज्येष्ठमध धरा तोंडात."

गेणभाऊची बायको औषधाची चांगली जाणकार दिसते.

९ जानेवारी

ग्रामपंचायतीत बोलावणं. वाटलं, सत्काराचं असेल. नारळ घ्यायला पिशवीसुद्धा नेली.

सरपंच सरूबाई बसलेल्या, शेजारी सगळी यात्रा कमिटी. सरूबाई म्हणाल्या, "चांगदेवभाऊ, तुमी कुठलं?"

"निरगुडसरचा."

"खाता कुठलं?"

"निरगुडसरचंच."

"मग तो शंभरवाला मढला का दिला? आन् आमाला काय दिलं, तर पहिल्या चेंडूवर दांडी उडालेला! माज्या माहेरची माणसं फोन करून हसत्यात. म्हणत्यात, सरपंचबाई, तुमचा गडी पॅड बांधून आला तवरच परत निघाला."

मी पंगतीचं सांगितलं. कोणाला पटलं नाही. एक जण म्हणाला, निदान सहा नंबरवाला तरी द्यायचा. शेवटी सरूबाईंनी निकाल दिला. तिसरी मॅच संपेपर्यंत राणावत निरगुडसरचा झाला पाहिजे. नाही झाला तर चैत्रातल्या आमच्या यात्रेचा माइक मंचरच्या नव्या निवेदकाला. तो म्हणे सेकंद इंग्रजीत सांगतो.

चोवीस वर्षं! ह्या घाटाची कड मी आणि रविंद्रनं हातानं शेणानं सारवलीय. तिथं उद्या कोणी ‘थर्टीन पॉइंट टू’ म्हणणार आणि मी खाली कुल्फी खात ऐकणार? पिशवी रिकामीच घेऊन घरी आलो.

११ जानेवारी

दुसरी मॅच. ठरवून बसलो होतो. कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं, राणावत निरगुडसर. रविंद्रनं समोरच्या गोधडीला टाचणीनं लावला.

राणावत उतरला. मी कागद वाचला. अगदी नीट वाचला. आणि तोंडातून आलं, "मौजे मढ, तालुका जुन्नर!" रविंद्रनं कपाळाला हात लावला.

त्यात गड्यानं आज चोपन्न चेंडूंत शंभर मारले. पाहुण्यांची मला दया आली. एवढ्या लांबून आलेली माणसं, कोणी चहा विचारेना, नुसतं पळवायचं. त्यांच्या कॅप्टनचं मी माइकवरून स्वागत केलं आणि जेवून जाण्याचा आग्रह केला. अंपायरलाही एक गाव दिलं, त्यानं लगेच आपल्या माणसाला चुकीचं आउट दिलं. कोणतं गाव ते इथं लिहीत नाही, कारण त्या गावातून आत्तापर्यंत अकरा फोन आलेत.

मढमधून बारा. डीजे लावलाय म्हणे. गेणभाऊ म्हणाला, "तिसरं शतक झालं का अख्खं मढ टेम्पो भरून तुमच्या सत्काराला येतंय, दाजी." अख्खं म्हणजे कोण कोण, असं मी विचारलं. तो म्हणाला, "ज्याला यायचं तो यील."

आज निरगुडसरच्या कोणी माझ्याकडं बघितलं नाही. चक्कीवाल्यानं दळण उद्या या म्हणून सांगितलं. चक्की चालू होती.

१२ जानेवारी

रविंद्र चहाला आला होता. म्हणाला, "भाऊ, एक विचारू? जुन्नर-आंबेगावात एवढाली गावं हायेत. तुमच्या तोंडात मढच का येतं?"

मी सांगितलं, छोटं नाव आहे, पटकन बोलता येतं.

"आळं गावाचं नाव बी छोटंच हाय."

"ते जमलं नाही."

रविंद्र कपातला चहा नुसता फिरवत बसला. मग म्हणाला, "वहिनींना फोन केलता का?"

केला होता. कधीच केला होता. आता वहीत लिहायला हरकत नाही, वही कोण वाचतंय. चंपाषष्ठीच्या यात्रेत एक बैल सुटता सुटत नव्हता. लोक कंटाळले होते. त्यांना हसवावं म्हणून मी माइकवर म्हटलं, "ह्यो बैल आमच्या मंडळींवाणी दिसतोय, निघायला तासभर लावतो!" पाच हजार माणूस हसलं. गाडामालक हसले, बायका हसल्या, गेणभाऊ शेजारीच उभा होता, तोही हसला. मंडळी पुढच्या रांगेत बसल्या होत्या. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी हवापालटाला गेल्या.

आठ दिवसांनी मी फोन करून सॉरी म्हटलं. अगदी हळू आवाजात, गोठ्यामागं जाऊन, कोणी ऐकू नये म्हणून. तिनं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. आता ह्याहून माणसानं काय करायचं?

हे सगळं ऐकून रविंद्र म्हणाला, "गोठ्यामागं जाऊन." एवढंच म्हणाला आणि उठून गेला. कधी कधी हा माणूस अर्धवट बोलतो.

१४ जानेवारी

संक्रांत. कोणी तिळगूळ दिला नाही. सरूबाई समोरून आल्या आणि मला बघून त्यांनी हातातला डबा पदराखाली घेतला. एवढ्या मोठ्या बाईनं असं करावं!

संध्याकाळी एसटीच्या कंडक्टरनं एक डबा आणून दिला. वर चिठ्ठी, अक्षर गेणभाऊचं: ‘समस्त ग्रामस्थ मढ यांजकडून.’ आत तिळाचे लाडू. शेंगदाणे भरपूर, वेलदोडा नाही, आणि वळलेले छोटे, एका घासात मावतील असे. मला वेलदोडा चालत नाही आणि मोठा लाडू दाढेला लागतो. ग्रामस्थांना हे बरोबर कसं कळलं! चांगली माणसं आहेत.

नऊ खाल्ले. मग एकदम घर फार मोठं वाटायला लागलं. लाइट लावून टीव्ही मोठ्यानं लावला.

१६ जानेवारी

उद्या तिसरी मॅच. निरगुडसर म्हटलं तर माइक राहतो. मढ म्हटलं तर जातो. एवढं सोपं आहे. मढवाल्यांचं काय, त्यांना मी दुसरा कोणी देईन, कीपर देईन.

पण मढ नाही म्हटलं तर टेम्पो येणार नाही.

सरावाला आरशासमोर उभा राहून पंचवीस वेळा राणावत निरगुडसर म्हटलं. तेवीस वेळा बरोबर आलं.

१७ जानेवारी

झालं ते क्रमानं लिहितो.

दुपारी राणावत उतरला तेव्हा मी गावच सांगितलं नाही. नुसतं "तेजपाल राणावत" म्हणून पुढं गेलो, बेवारशासारखं. दारात सरूबाई आणि कमिटी उभी, मोबाइल कानाला लावून. गावं का बंद झाली म्हणून ऐकणारे विचारायला लागले. मॅडम कानात ओरडत होत्या, "काका, गाव!" मी म्हटलं, शंभर झाल्यावर सांगतो.

वाटलं होतं, मधेच आउट होईल गडी. एवढं हाणतोय, कधीतरी चुकेल की. देवा, मी आपल्या माणसाच्या आउट होण्याची वाट बघत होतो! पण तो कसला होतोय. पन्नास, सत्तर, नव्वद. सत्तावन्न चेंडूंत नव्व्याण्णव. आणि तेवढ्यात पाहुण्यांच्या बोलरच्या बुटाचा तळवा निघाला. दुसरा बूट येईपर्यंत खेळ थांबला.

सरूबाई दारातून बोट दाखवत होत्या, खाली जमिनीकडं. निरगुडसर, निरगुडसर. मी त्यांच्याकडून मान फिरवली ती समोरच्या गोधडीवर नजर गेली. मधोमध निळं लुगडं. ते मला ओळखीचं आहे. चोवीस वर्षांपूर्वी आमच्या घाटात पहिल्यांदा माइक हातात आला, पहिला गाडा पुकारायचा होता आणि माझी जीभ अशीच अडली होती. सगळा घाट गप्प. तेव्हा बायकांच्या घोळक्यातून निळ्या लुगड्यातली एक बाई उठून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर ओरडली, "अवो, गाव सांगा गाव!" आणि माझा आवाज सुटला. तो आत्तापर्यंत.

आणि मी तिला काय दिलं? पाच हजार माणसांत माइकवरून बैल म्हटलं आणि सॉरी म्हणायला गोठ्यामागं गेलो. त्याच माइकवरून, त्याच आवाजात. नियम मला तोंडपाठ, दोनदा स्वतः केलेला, आणि हे डोक्यात यायला सात आठवडे आणि एक धाव कमी तीन शतकं लागली! रविंद्र अर्धवट बोलत नव्हता. अर्धवट मी होतो.

मी उभा राहिलो.

"ऐका हो ऐका! घाटाची दुरुस्ती आहे! सगळ्यांनी शांत राहून ऐका! चंपाषष्ठीच्या यात्रेत ह्याच आवाजात मी पुकारलं होतं, की आमच्या मंडळींना निघायला तासभर लागतो. हे साफ चुकीचं आहे! निवेदकाची चूक आहे! दुसऱ्या दिवशी आमच्या मंडळी घरातून निघाल्या, त्या पिशवी भरून, गोठ्यात वैरण टाकून, दुधावर झाकण ठेवून, चार मिनिटांत निघाल्या! घड्याळ माझ्या हातात होतं! मी थांब म्हणायला तोंड उघडलं तवर एसटी फाट्याला पोचली होती! चोवीस वर्षांत एवढी वेगाची बारी ह्या निवेदकानं बघितलेली नाही!"

मॅडम कानात किंचाळत होत्या, "काका, बूट आला! बोलिंग सुरू झालीय!" पण दुरुस्ती मधे सोडता येत नाही.

"तेव्हा आजचा घाटाचा राजा! ठकूबाई चांगदेव! माहेर मढ, तालुका जुन्नर! सासर निरगुडसर, तालुका आंबेगाव! झाली, झाली, झाली... भिर्रर्रर्र!"

डोळे पुसून लॅपटॉपकडं बघितलं तर राणावत बॅट वर करून उभा होता आणि अख्खं स्टेडियम नाचत होतं. माझ्या भिर्रर्रलाच त्यानं सिक्स मारून शंभर केले होते. लागोपाठ तिसरं शतक, सगळ्या देशानं बघितलं, एक मी सोडून.

सरूबाई निघून गेल्या. जाताना पदर डोळ्याला होता का तोंडाला, हे नीट दिसलं नाही.

१८ जानेवारी

सकाळी मॅडमचा फोन. कंपनी खूश आहे, पुढच्या मालिकेलाही मीच. फक्त हजारो लोक विचारतायत, ठकूबाई कुठल्या टीमकडून खेळते?

दहा वाजता टेम्पो आला. पुढं ताशा, मागं अख्खं मढ, मधे राणावतचा फ्लेक्स, आता त्याच्याच फोटोचा. आमची कमिटीही वेशीवर उभी. मला वाटलं, आता मारामारी होते. पण सरूबाईंनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं.

"तो राणावत मढचा हाय, हे काल माइकवर कोणी खोडलेलं न्हाई. आन् मढ म्हंजे आमच्या सुनंचं माहेर. मग तो आमच्या गावाचा मेव्हणा लागतो. मेव्हण्याचं शतक ते आमचं शतक. वाजवा!" दोन्ही गावांचा ताशा एकदम वाजला. यात्रेच्या माइकचं मी विचारायला गेलो तर म्हणाल्या, "गप बसा वो, त्यो मंचरवाला परवडायचा न्हाई आमाला. गावंच सांगत न्हाई."

टेम्पोतून सगळे उतरले. सगळ्यात शेवटी, पिशवी घेऊन, अगदी सावकाश, मंडळी उतरल्या. मी घड्याळाकडं अजिबात बघितलं नाही.

जवळ आल्या, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "वाळलात," म्हणाल्या. मग खोलीत गेल्या, गोधड्या टांगलेल्या बघितल्या, टाचणीची भोकं बघितली, त्याचं जे बोलायचं ते बोलल्या. ते इथं लिहीत नाही. मग चुलीपाशी बसून म्हणाल्या, "काल ऐकलं मी सगळं. समदं बरोबर व्हतं. एक सोडून."

"काय?"

"चार मिन्टं न्हाई. तीन. मी बी घड्याळ बघितलं व्हतं."

अक्षदा मॅडमच्या वहीत आज पहिल्यांदा चूक लिहितोय. चुका: एक. चार नव्हे, तीन मिनिटं.

लॅपटॉप मॅडमची माणसं घेऊन गेली. रविंद्रला फोन केलाय, तो भोंगा आणि माइक घेऊन गच्चीवर चढतोय.